सिलिंगचा लाइट स्वतः बदलायचाय? मग आधी त्या दोन-तीन वायरी ओळखा

मागच्या गणपतीआधीची गोष्ट. वागळे इस्टेटमध्ये किसननगरला माझी मावशी राहते. हॉलमधली जुनी ट्यूबलाइट फडफडत होती, म्हणून तिने बाजारातून एलईडीचा गोल सरफेस लाइट आणून ठेवला होता. भाचा आला म्हटल्यावर काम माझ्याकडेच येणार होतं.

"मावशी, मेन बंद केलास ना?"

"केला की. बघ, पंखा थांबलाय."

पंखा खरंच थांबला होता. फ्रिजही बंद होता. स्टुलावर चढलो, जुनी पट्टी उतरवली आणि सहज म्हणून वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

मावशीचं घर म्हणजे मूळच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या. काकांनी दुसरी खोली घेऊन मधली भिंत पाडली, पण मीटर दोनच राहिले. आम्ही एका मीटरचा मेन बंद केला होता आणि हॉलमधला तो एक पॉइंट दुसऱ्या मीटरवर होता. टेस्टर खिशात नसता तर हा लेख कदाचित दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

लाइट बदलणं हे तसं पंधरा मिनिटांचं काम आहे. रीलमध्ये तर ते तीस सेकंदांतच होतं. पण छतातून लटकणाऱ्या त्या दोन-तीन वायरींपैकी कोणती काय आहे, हे रीलवाला तुमच्या घरी येऊन सांगत नाही. तेच इथे नीट समजून घेऊया.

हे काम आपण करायला परवानगी आहे का?

आहे, पण मर्यादित. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमावलीनुसार (आधी २०१०ची होती, २०२३ मध्ये नवीन आली) घरातलं वायरिंग नव्याने करणं, वाढवणं, त्यात बदल किंवा दुरुस्ती करणं हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराचं काम आहे. त्यात एक सूट दिली आहे. बल्ब, पंखे, फ्यूज, स्विच आणि फिटिंग बदलता येतात, अट एवढीच की त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

सोप्या भाषेत सांगायचं तर जुनी ट्यूब काढून त्याच जागी, त्याच वायरींवर एलईडी लावणं तुम्ही करू शकता. छताला नवा पॉइंट काढणं, वायर लांबवून लाइट दुसऱ्या भिंतीवर नेणं, किंवा फॉल्स सीलिंग करून एका पॉइंटवरून आठ दिवे काढणं यासाठी वायरमन बोलवा. आणि महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंतच असते. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं, म्हणजे तुमचं.

वागळे इस्टेटमधल्या घरांचं वेगळं काय?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची स्थापना १९६२ची. तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट. कारखाने आले, कामगार आले आणि आजूबाजूला किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर असा सगळा पट्टा भरत गेला. चाळी झाल्या, चाळींच्या जागी चार-पाच मजली इमारती झाल्या. आता त्याच किसननगरात क्लस्टर योजनेचं काम सुरू झालंय, २०२३ मध्ये भूमिपूजनही झालं.

याचा वायरिंगशी थेट संबंध आहे. इमारत कधीतरी पाडली जाणार हे माहीत असलं की घरात नवीन वायरिंगवर पैसे घालायला कुणी तयार होत नाही. "दोन वर्षांत बिल्डिंग जाणार, कशाला?" असं म्हणता म्हणता पंधरा वर्षं जातात. त्यामुळे वर चकचकीत एलईडी पॅनल आणि आत चाळीस वर्षांपूर्वीची वायर, अशी घरं या भागात भरपूर आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींतही हेच चित्र दिसतं.

अशा घरांत तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली म्हणजे लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेलं जुनं वायरिंग. त्याचं आवरण इतकं कडक झालेलं असतं की वाकवलं की तुटतं. दुसरी म्हणजे तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची वायर, जी एकेकाळी स्वस्त म्हणून सर्रास वापरली जायची. तिचा कापलेला भाग चंदेरी दिसतो आणि दोन-तीन वेळा वाकवली की ती मोडते. नव्या लाइटची तांब्याची वायर तिच्यावर नुसती पिळून टेप मारली तर तो जोड कालांतराने सैल पडतो आणि गरम होतो. (तांब्याच्या वायरीवरही कधीकधी कथिलाचा चंदेरी मुलामा असतो. म्हणून सुरीने जरा खरवडून बघा, आत लालसर दिसलं तर तांबं.) तिसरी गोष्ट म्हणजे छतावर अर्थिंगची वायरच नसणं. सॉकेटला अर्थिंग असतं, पण लाइटच्या पॉइंटला जुन्या काळी कुणी न्यायचंच नाही.

आवरण हातात तुटतंय किंवा वायर अॅल्युमिनियमची आहे असं दिसलं, तर काम तिथेच थांबवा आणि वायरमनला फोन करा.

छतातून आलेल्या वायरी कोणत्या असतात?

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची, सिंगल फेज. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. फेजची वायर आधी स्विचबोर्डात जाते आणि स्विचमधून निघून वर लाइटपर्यंत येते. स्विच ते लाइट या तुकड्याला आपले वायरमन 'हाफ' किंवा 'हाफ वायर' म्हणतात. स्विच चालू असेल तेव्हा हाफमध्ये वीज असते, बंद असेल तेव्हा नसते, निदान नसायला हवी.

म्हणजे सरळसाध्या पॉइंटवर दोन वायरी असतात, हाफ आणि न्यूट्रल. नव्या इमारतीत तिसरी अर्थिंगची. काही ठिकाणी दोन काळ्या वायरी एकत्र पिळलेल्या दिसतात. तिथून न्यूट्रल पुढच्या पॉइंटला नेलेला असतो. तो जोड उघडला तर पुढचा पंखाही बंद पडेल, म्हणून तो जसा आहे तसा ठेवायचा. क्वचित पॉइंटवर कायम चालू असलेला फेजही आणलेला असतो, तिथून दुसऱ्या स्विचकडे नेण्यासाठी. ही वायर सगळ्यात धोक्याची, कारण स्विच बंद केला तरी ती जिवंत राहते.

रंग बघून ओळखता येत नाही का?

नियमाप्रमाणे येतं. आपल्याकडे फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा. पण वायरमनकडे त्या दिवशी जे बंडल उरलं होतं ते तुमच्या छतात गेलंय, अशी शक्यताही तेवढीच आहे. दोन्ही वायरी लाल असलेलं घर मी पाहिलंय. हाफसाठी तर ठरलेला असा वेगळा रंगच नाही.

खरा गोंधळ पुढे होतो. तुम्ही विकत आणलेल्या लाइटमधून बऱ्याचदा तपकिरी आणि निळी वायर बाहेर येते. हा युरोपातला आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा रंग आहे. त्यात तपकिरी म्हणजे फेज आणि निळा म्हणजे न्यूट्रल. आपल्या घरात मात्र निळा हा फेजचाही रंग असू शकतो. त्यामुळे 'निळ्याला निळा' जोडणं हा नियम नाही.

आणि अमेरिकन व्हिडिओ बघून काम करत असाल तर आणखी सावध. तिकडे काळी वायर म्हणजे जिवंत आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्या बरोबर उलट. ब्रिटनमध्ये २००४ पर्यंत आपल्यासारखेच लाल-काळे होते, त्या वर्षी तपकिरी-निळे आले. त्यामुळे तिकडच्या जुन्या घरांतल्या व्हिडिओत एक आणि नव्यात दुसरं दिसतं. रंग हा अंदाज बांधण्यापुरता. वायर ओळखायची ती टेस्ट करूनच.

मेन बंद केला की झालं ना?

मावशीच्या घरात झालं नाही, हे आपण पाहिलं. मेन बंद करूनही छतात वीज राहण्याची कारणं अशी.

दोन खोल्या किंवा दोन फ्लॅट जोडलेले असतील तर दोन मीटर. दोन्हींचे मेन बंद करा, मगच स्टुलावर चढा.

घरात इन्व्हर्टर असेल तर गोष्ट आणखी फसवी. इन्व्हर्टरचं कामच मुळी मेन गेल्यावर लाइट आणि पंखे चालू ठेवणं हे असतं. तुम्ही मेन बंद केलात की इन्व्हर्टर समजतो वीज गेली, आणि तुमच्या हातातल्या त्याच वायरीत बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडतो. फक्त इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण मग महावितरणची वीज त्यातून थेट पुढे जाऊ शकते. दोन्ही बंद हवेत.

आणि शेवटचं म्हणजे उधारीचा न्यूट्रल. जुन्या घरात एखादा पॉइंट वाढवताना फेज एका सर्किटवरून आणि न्यूट्रल जवळ दिसला म्हणून दुसऱ्याच सर्किटवरून घेतलेला असतो. तुम्ही हॉलचा एमसीबी पाडता, पण तो न्यूट्रल बेडरूमच्या चालू सर्किटचाही असतो. जोड उघडला की बेडरूममधल्या चालू दिव्यातून वीज त्या सुट्या टोकापर्यंत येते. म्हणून एकच एमसीबी पाडून काम करण्यापेक्षा अर्धा तास सगळ्या घराचा मेन बंद ठेवा. दिवसा करा म्हणजे उजेडाचा प्रश्न येत नाही.

किटकॅट फ्यूज असेल तर काढून सरळ खिशात टाका. एमसीबी असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. घरातलं कुणीतरी "अरे, लाइट कशी गेली?" म्हणत येऊन तो वर करतंच.

टेस्टरवर किती विश्वास ठेवायचा?

टेस्टरच्या आत छोटासा निऑन दिवा आणि खूप मोठा रेझिस्टन्स असतो. मागच्या टोपीला बोट लावलं की एका मिलीअँपियरपेक्षाही कमी वीज तुमच्या अंगातून जाते आणि दिवा पेटतो. भरदुपारी खिडकीजवळ हा उजेड दिसतच नाही. जाड रबरी चपला घालून प्लास्टिकच्या स्टुलावर उभे असाल तर तो नीट पेटतही नाही. म्हणजे टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा होत नाही.

उलटही होतं. शेजारून जिवंत वायर जात असेल तर बंद वायरीलाही टेस्टर मंद पेटतो. आणि बल्ब होल्डरमध्ये असताना पुढे न्यूट्रल तुटलेला असेल, तर बल्बमधून वीज पलीकडे येऊन दोन्ही वायरींना टेस्टर पेटतो. अनेक जण मग "दोन फेज आले" म्हणतात. आलेला फेज एकच असतो, तुटलेला न्यूट्रल असतो.

यावर एक जुनी, साधी शिस्त आहे. मेन पाडण्याआधी चालू सॉकेटवर टेस्टर पेटतोय का बघायचं. मेन पाडल्यावर छतातली प्रत्येक वायर तपासायची, काळीसुद्धा. मग खाली उतरून टेस्टर पुन्हा कुठल्यातरी खात्रीच्या चालू सॉकेटवर लावायचा, हवं तर शेजाऱ्यांकडच्या. तिथे पेटला तरच मधली तपासणी खरी. मल्टिमीटर असेल तर उत्तमच, पण शिस्त तीच.

आता हाफ कोणती आणि न्यूट्रल कोणता, कसं ठरवायचं?

मेन बंद आणि तपासलेला असताना जुनी फिटिंग सोडवायची. सोडवण्याआधी फोनवर दोन-तीन फोटो काढा. मग वायरींची टोकं एकमेकांपासून, पंख्याच्या दांड्यापासून आणि भिंतीपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना वाकवून ठेवा. घरातल्यांना लांब थांबवून मेन चालू करायचा आणि टोकांना फक्त टेस्टर लावायचा, दुसरा हात खिशात.

स्विच चालू केल्यावर जी पेटते आणि बंद केल्यावर जी पेटत नाही, ती हाफ. दोन्ही वेळा जी पेटत नाही ती न्यूट्रल किंवा अर्थिंग. अर्थिंग हिरवी असेल तर प्रश्न नाही, नसेल तर अंदाज बांधू नका. दोन्ही वेळा पेटते ती कायमचा फेज. हे लक्षात ठेवण्याच्या भानगडीत न पडता मेन पुन्हा बंद करा, पुन्हा तपासा आणि मग हाफवर लाल टेपचा तुकडा लावा.

पॉइंटवर दोनच वायरी आहेत आणि त्यातली एक स्विच बंद असतानाही पेटतेय? मग स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलाय. नियमानुसार स्विच फेजवरच हवा. अशा घरात तुम्ही स्विच बंद करून बल्ब बदलता तेव्हा होल्डर जिवंत असतो. हे स्विचबोर्डात दुरुस्त करायचं काम आहे, वायरमनकडून करून घ्या. पोटमाळ्याच्या जिन्यावर असतात तसे टू-वे स्विच असतील तर वायरी जास्त असतात आणि स्विचची 'बंद' बाजू ठरलेली नसते. तिथेही हा हिशेब लावत बसू नका.

याच निमित्ताने एक प्रश्न, जो कमेंटमध्ये नेहमी येतो. स्विच बंद केल्यावरही एलईडी रात्री मंद का जळतो? एक कारण म्हणजे हाच न्यूट्रलवरचा स्विच. दुसरं, स्विचमध्येच छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारी किंचितशी वीज. तिसरं, शेजारच्या जिवंत वायरीमुळे हाफमध्ये येणारा प्रवाह. जुन्या बल्बला एवढ्याने काही व्हायचं नाही, एलईडीला पुरतं. पहिलं कारण धोक्याचं, बाकीची दोन त्रासाची.

जोडताना

नव्या लाइटवर एल आणि एन अशी खूण असते. एलला हाफ, एनला न्यूट्रल. उलट जोडलं तरी एलईडी बहुतेक वेळा लागतो, पण म्हणून उलट जोडू नका. आटे असलेल्या होल्डरमध्ये तर हे फार महत्त्वाचं, कारण उलट जोडलं तर बल्ब फिरवताना बोट लागतं तो बाहेरचा धातूच जिवंत होतो.

वायर पिळून टेप मारण्यापेक्षा दहा-वीस रुपयांचा स्क्रूचा कनेक्टर वापरा. प्रत्येक वायर हलकीशी ओढून बघा, हातात आली तर आत्ताच येऊ दे. कनेक्टरच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये.

अर्थिंगचा प्रश्न खरेदीच्या वेळीच सोडवा. लाइटची बॉडी धातूची असेल तर तिला अर्थिंग लागतंच. घरात ते नसेल तर पूर्ण प्लास्टिक बॉडीचा, ज्यावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे असा लाइट घ्या. त्याला अर्थिंग लागत नाही. अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून 'सोय' करणारे महाभाग आहेत. न्यूट्रल कुठेही तुटला की लाइटची सगळी बॉडी जिवंत होते.

वजनाचंही बघा. पॅनल किंवा बॅटन रावल प्लग आणि स्क्रूवर राहतं. झुंबर स्लॅबमधल्या हुकाला टांगायचं, पीओपीला नाही. जुन्या ट्यूबच्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब बसवायचा विचार असेल तर चोक आणि स्टार्टरचं काय करायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. त्यापेक्षा अख्खं बॅटन बदलणं सोपं पडतं.

एमसीबी आहे, मग शॉक बसला तरी तो पडेलच ना?

नाही. हा गैरसमज खूप जणांचा आहे, माझाही होता. लाइटच्या सर्किटला साधारण ६ अँपियरचा एमसीबी असतो. आता हिशेब करा. ९ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलीअँपियर घेतो. एवढीच वीज काही क्षण छातीतून गेली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. एमसीबीच्या दृष्टीने तो एक छोटा बल्ब लागलाय, बस. तो वायर जळू नये म्हणून आहे, तुम्हाला वाचवण्यासाठी नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज तो सतत ताडून बघतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपियरचा असतो. एवढा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातेय असं दिसलं, की तो सेकंदाच्या अंशात पडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर मात्र त्यालाही काही कळत नाही. त्याला तुम्ही बल्बच वाटता.

पावसाळ्यात लाइटमध्ये पाणी दिसलं तर?

ठाण्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे माहीत आहे. स्लॅब गळतो, पाणी वायरिंगच्या पाइपातून उतरतं आणि छतावरच्या लाइटच्या बाउलमध्ये साचतं. त्या लाइटचा स्विच दाबू नका, बाउल काढायला जाऊ नका. कोरड्या हाताने आधी मेन बंद करा. पाइपात पाणी असेपर्यंत लाइट बदलून काही उपयोग नाही. आधी गळती, मग वायर तपासून घेणं, मग लाइट.

कुणाला शॉक बसून तो वायरीला चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला ढकला. १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि कुणाला छाती दाबण्याचं प्रशिक्षण असेल तर लगेच सुरू करा. माणूस उठून बसला आणि "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात दाखवा, कारण हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम उशिराही दिसू शकतो. मीटरच्या आधीच्या बाजूला ठिणग्या किंवा जळका वास येत असेल तर महावितरणला १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर कळवा.

वायरमन बोलवायचा तर परवाना आहे का हे विचारण्यात काही गैर नाही. आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत, आणि ठाण्याचं सरकारी आयटीआय वागळे इस्टेटमध्येच आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं याच भागात काम करतात.

मावशीकडे शेवटी असाच एक जण आला. त्याने हॉलचा तो पॉइंट पहिल्या मीटरवर घेतला, एक आरसीसीबी बसवायला सांगितला, आणि जाताना दोन्ही मेन स्विचवर मार्करने लिहून गेला: 'पुढची खोली', 'मागची खोली'.